लाकडी क्लारनेट आणि पंधरा मिनिटं

बँडवाल्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. प्रत्येक वरातीतून एखादा गळ्यात पडतोच. पण गेल्या लग्नसराईपासून आमच्यातलं कुणी माझ्यापुढं तोंड उघडत नाही. माझ्या एकट्या क्लारनेटनं सगळ्यांना गार केलं!

बारा वर्षं मी प्लास्टिकचं फुंकलं. डीजेच्या धडधडीत आपला सूर कुणाच्या तरी कानात जावा, एवढ्या एका हौसेपायी लाकडी घेतलं. दुकानदार म्हणाला, "महिनाभर रोज फक्त पंधरा मिनिटं वाजवा. मग पुसून ठेवा. ऊन नको, पाणी नको, नाहीतर चीर जाईल."

हिंगोली जिल्हा, एप्रिल महिना आणि ऊन नको! मला तिथंच घाम फुटला.

*

जवळा बाजारची वरात. पंधरा मिनिटं झाली, मी क्लारनेट पुसायला घेतलं. नवरदेवाचा मामा धावत आला.

"काहून थांबले, मास्तर?"

"नवीन हाय. जास्त वाजवलं की तकलीफ होते त्याला."

"नवरदेव बी नवीनच हाय! त्याला सकाळपासून घोड्यावर बसवलाय की!"

*

लाकडाला आतून बदामाच्या तेलाचा हात द्यायचा असतो. बाटली आणली, तिसऱ्या दिवशी रिकामी! बायकोला विचारलं, तर तिनं लेकराचं चकचकीत डोकं पुढं केलं.

"लाकडाला बदाम अन् लेकराला खोबरेल व्हय?"



*

उन्हाळ्यानं लाकूड आकसलं. "सांधा ढिला झालाय," असं मी आमच्या ढोलवाल्या शेषरावपुढं बोललो, हीच चूक. शेषराव मूळचा शेतकरी. जेवून येतो तर क्लारनेट बादलीत!

"अरे, काहून केलं हे?"

"कुदळीचा दांडा ढिला झाला की आमी भिजतच घालतो. आता बघा कसं घट्ट बसतंय!"

बसलं. दोघांनी ओढलं तरी सांधा निघेना. मला रडू आलं. माझा बांध फुटलेला बघून शेषरावही कळवळला.

"रडू नका, मास्तर. उन्हात ठिवतो, आत्ता सुकंल!"

*

मी ते आठ दिवस सावलीत सुकवलं. चीर दिसली नाही. नारळ फोडला आणि सेनगावच्या वरातीला गेलो.

पुढं आम्ही, मागं डीजे. दुसऱ्याच गाण्याला बोटांखाली 'टक्' झालं. वरपासून पहिल्या भोकापर्यंत चीर! फुंकलं की नुसती हवा. बँडच्या मालकानं डोळे वटारले, "थांबू नको!" जुनं प्लास्टिकचं घरी. मग मांडवापर्यंत मी गाल फुगवून नुसती बोटं हलवत चाललो. त्या दीड तासात मी एक सूरही वाजवला नाही.

मांडवात नवरदेवाचे आजोबा गर्दीतून काठी टेकत माझ्याकडं आले. म्हातारबांचे डोळे भरलेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, एवढ्या डीजेत बी मी सगळ्या वाटंनं तुमचंच क्लारनेट ऐकून राहिलो होतो!"