शपथेचे शेवटचे चार शब्द

माझा भाऊ अण्णांशी चार वर्षं खोटं बोलला. त्याला विचारूनच हे लिहितेय.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

तीस वर्षं त्यांनी कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवला. अमेरिकेला एकदाही गेले नाहीत. इथे कानडी मुलखात, येलहंक्याच्या घरात बसून त्या देशावर संशय घ्यायचे.

तिथला एखादा पुढारी देवाचं नाव घ्यायला लागला की पेपर खाली ठेवायचे.
"आता बघ, ह्याला काहीतरी लपवायचंय."

त्यांचा लाडका धडा एकच. तिथल्या पहिल्या अध्यक्षांनी शपथेच्या शेवटी स्वतःहून 'सो हेल्प मी गॉड' म्हटलं, असं सगळे सांगतात. राज्यघटनेतल्या शपथेत हे शब्दच नाहीत. त्या वेळच्या कुणी तसं लिहून ठेवलेलंही सापडत नाही. गोष्ट पसरली ती कितीतरी वर्षांनी.

"पुरावा काय?" हे वर्गात विचारायचे. घरीही तेच. मी मार्क सांगितले तरी, "पुरावा?"

नास्तिक समजू नका हं. रोज सकाळी तासभर भवानीची पूजा. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांबरोबर देवी इकडे आली म्हणे. याचा पुरावा मात्र कुणी मागायचा नाही.

एकदा शेजाऱ्यांच्या केसमध्ये साक्षीला गेले आणि देवाची शपथ घेणार नाही म्हणाले. क्लार्क चकित. "सर, कपाळावर गंध आहे की तुमच्या."
"गंध माझं आहे. कोर्टाचं नाही."

विनय, माझा धाकटा भाऊ, अमेरिकन नागरिक व्हायला निघाला तेव्हा अण्णांनी एकच गोष्ट मागितली. त्या शपथेच्या शेवटीही तेच चार शब्द असतात. आधी सांगितलं तर गाळता येतात. अण्णांनी नियम शोधून ठेवला होता.

"नागरिक हो, सरी, ठीक आहे. पण सरकारी हॉलमध्ये देवाला ओढू नकोस. मनात देव नसताना नाव घेतलंस तर ती खोटी शपथ."

समारंभ झाल्यावर पहिला प्रश्न, "गाळलेस ना?"
"हो अण्णा."

विनयच्या बायकोनं व्हिडिओ पाठवला. हॉलभर माणसं, हात वर, नुसता गलका. अण्णा मला म्हणाले, "हे स्लो कसं करतात, दाखव."

मला वाटलं, मुलाचं कौतुक.

विनयनं मला खरं सांगितलं होतं. "अक्का, इतकी वर्षं वाट पाहिली. समोर ऑफिसर. चार शब्दांसाठी मीच वेगळा दिसलो असतो. भीती वाटली आणि ते शब्द म्हणून टाकले."

पुढची चार वर्षं अण्णा फोनवर मध्येच विचारायचे. "ते शब्द गाळलेस ना?"
"हो अण्णा."

आणि मी, सगळं माहीत असून, वर तोंड करून म्हणायचे, "पोटच्या पोरावर तरी विश्वास ठेवा."
आजही त्याची लाज वाटते.

मग अण्णा हेब्बाळच्या हॉस्पिटलात. विनयचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. डॉक्टरांचा चेहरा बघून मी व्हिडिओ कॉल लावला.

विनय म्हणाला, "अण्णा, मी ते शब्द म्हटले होते."

अण्णांनी मास्क स्वल्प बाजूला केला.
"ठाऊक आहे. ओठ हलले होते."
मग माझ्याकडे बघून, "हिलाही ठाऊक होतं."

विनय रडायला लागला. मी फोन अण्णांच्या आणखी जवळ धरला.

"म्हणताना डोळ्यांसमोर कोण होतं?" अण्णांनी विचारलं.
"आपली भवानी."

अण्णा बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पेपर तपासताना बघायचे तसे.

"सरी. मग शपथ खरी."
आणि जरा वेळानं, "त्या ऑफिसरला भवानीचं सांगितलं नाहीस ना?"

पहाटे गेले. विनय पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या दिवशी विनय खरं बोलला, की जाणाऱ्या बापाला बरं वाटावं म्हणून? वर्षभर प्रत्येक फोनला हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत येतो. शेवटी मुलगी तुमचीच, अण्णा.

पण विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

अण्णा, या एका गोष्टीचा पुरावा मला नको.

नमस्कार करते. तिकडे तरी सगळ्यांवर संशय घेत बसू नका.