बासच्या नदीवर, खोट्या पत्त्याने

नदीचं नाव मी लिहिणार नाही. मासे पकडणारे लोक आपली जागा कुणाला सांगत नाहीत, तो त्यांचा शिरस्ता असतो. माझं कारण वेगळं आहे. मला तिथे जायची परवानगी नव्हती, आणि तिथल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी माझ्यामुळे जे सोसलं ते त्यांच्या गावात पसरावं असं मला वाटत नाही. त्यांची नावंही बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं लिहितो.

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये एका पहाटे मी सिडनीतल्या हॅरिस पार्कहून निघालो. साडेतीन महिन्यांचा लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. न्हावी उघडले होते, मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. पण सिडनीकरांनी शहराबाहेरच्या ग्रामीण भागात जायचं नाही, ही अट अजून कायम होती. ती उठणार म्हणून मी सुट्टी टाकली, आणि ऐन वेळी तारीख पुढे गेली.

माझा फ्लॅटमेट मनदीप एका गोदामात काम करतो. त्याने आदल्या दिवशी मेथीचे पराठे करून डब्यात भरून दिले आणि विचारलं, "भाई, रास्ते में रोका तो क्या बोलेगा?"

"साइट व्हिजिट," मी म्हटलं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऑगस्टमध्ये एका पुलाच्या तपासणीसाठी ऑफिसने दिलेलं पत्र अजून माझ्याकडे होतं. ते मी गाडीच्या कप्प्यात ठेवलं.

एवढा आटापिटा एका माशासाठी का, ते सांगायला हवं. मे महिन्यात चिंचवडला बाबा गेले. विमानं बंद होती. त्यांचे अंत्यविधी मी फोनवर पाहिले, तेही मध्येमध्ये अडकत. पुढे लॉकडाऊनमध्ये हातांना काहीतरी काम हवं म्हणून फ्लाय बांधायला लागलो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. जेवणाच्या टेबलाला एक छोटा शिकंजा लावायचा, त्यात गळ घट्ट धरायचा आणि मान मोडेपर्यंत बसायचं. मी शिकलो ते एका अमेरिकन माणसाच्या व्हिडिओंवरून. तो स्मॉलमाउथ बास नावाच्या माशासाठी फ्लाय बांधायचा. तो मासा ऑस्ट्रेलियात नाहीच, हे मला दोन डझन फ्लाय बांधून झाल्यावर कळलं. पण इथे वेगळा, इथलाच बास आहे आणि त्याचा स्वभाव तसाच आहे. झाडाच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि वरून किडा पडला की झडप घालायची.

नियमांनी मला बाबांपाशी जाऊ दिलं नाही, तर या नियमांचं मी एक दिवसापुरतं काही लागत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. त्या वेळी ते मला पटतही होतं.

हॉक्सबरी नदीवरच्या पुलावर दाट धुकं होतं. न्यूकॅसलच्या पुढे रस्त्याकडेला पोलिसांची गाडी दिसली. ते एका ट्रकवाल्याशी बोलत होते, त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पेट्रोल घरूनच भरून घेतलं होतं, कारण पंपावर फोनने हजेरी लावावी लागते आणि मग आपण कुठे होतो त्याची नोंद राहते. हमरस्ता सोडला तसे डोंगर जवळ आले. वसंत होता. पॅडक (कुंपण घातलेली कुरणं) इतके हिरवे की डोळे निवावेत. वासरं रस्त्यालगत लोळत होती. चार महिने मी समोरच्या इमारतीतल्या बाल्कन्या पाहत होतो. काच खाली केली आणि ओल्या गवताचा वास घेत हळूहळू गेलो. त्या तासाभरात मला कशाचीच लाज वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एका फाटकाशी गाडी चिखलात रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि मागची चाकं सगळा चिखल गाडीवरच उडवत राहिली. शेवटी इंजिन बंद करून बाहेर उतरलो, तर वरून एक ट्रॅक्टर येत होता. चालवणारा सत्तरी ओलांडलेला, उंच, वाकलेला माणूस होता. त्याने ट्रॅक्टर बराच लांब थांबवला आणि तिथूनच हाक मारली.

"कुठून आलास, मेट?"

"टॅमवर्थ," मी म्हणालो. विचार करायच्या आधी शब्द बाहेर पडला. सिडनीपासून लांब, बंदीबाहेरचं हे गाव मी नकाशावर पाहिलं होतं, इतकंच.

"वाईट वाटून घेऊ नकोस, विचारावं लागतं," तो जवळ येत म्हणाला. "घरात बायको आहे. तिची फुप्फुसं निम्मीच चालतात. सिडनीचं कुणी असलं तर मी लांबूनच बोलतो."

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरं सांगायची ती वेळ होती. मी खिशातून मास्क काढून तोंडावर चढवला. केलं ते तेवढंच.

त्याचं नाव कॉलिन. दोर बांधून त्याने पाच मिनिटांत गाडी ओढून काढली. मागच्या सीटवरची माझी मासेमारीची काठी पाहून म्हणाला, "फ्लायवाला आहेस होय? दाखव, काय बांधलंयस."

मी डबी उघडली. त्याने एकेक फ्लाय उचलून उजेडात धरली. माझी सगळ्यांत देखणी फ्लाय हरणाच्या केसांची होती, खाली रबराचे लांब पाय असलेली. तिच्यावर माझी एक अख्खी शनिवार-रविवारची सुट्टी गेली होती.

"हिच्यावर तू फिदा आहेस," तो म्हणाला.

"हो."

"गळाच्या डोळ्याशी गर्दी केलीयस. दोरा ओवणार कुठून? आणि हे पाय माणसाला आवडतात. मासा पायच धरतो आणि सुटतो. चल."

स्वतःही मास्क लावून तो मला आपल्या शेडमध्ये घेऊन गेला. खिडकीखाली त्याचा शिकंजा होता, वापरून गुळगुळीत झालेला. बरण्यांमध्ये कोंबड्याची पिसं, सशाची कातडी, हरणाचे केस. त्याने माझ्या फ्लायचे पाय निम्मे कापले, पुढचे केस ब्लेडने तासले आणि पक्कडीने गळाचा काटा चेपून टाकला. "सोडायचाच आहे ना मासा? मग त्याचं तोंड फाडायचं कशाला?" मग मला बसवून एक नवी फ्लाय बांधायला लावली. केसांचा झुपका गळावर ठेवून दोरा आवळला की केस चहूबाजूंनी फुलतात. माझे कायम एकाच बाजूला फुलायचे. त्याने माझा अंगठा धरून दाबला. "इथे सोड. आता ओढ." केस गोल फुलले. चार महिन्यांत मला दुसऱ्या माणसाचा हात लागला तो तेव्हा.

आम्ही पराठे खाल्ले. त्याला ते आवडले. खाताना दोघांचेही मास्क गळ्यात होते.

नदी फार रुंद नव्हती. पलीकडच्या काठावर सुरूसारखी झाडं पाण्यावर ओणवलेली, खाली काळी सावली. माझी पहिली फेक झाडात गेली. दुसऱ्या वेळी मी शेवाळलेल्या दगडावरून घसरलो आणि कमरेपर्यंत भिजलो. कॉलिन काठावर बसून होता, हसला नाही. "पाण्यावर टाकू नकोस, झाडावर टाक. किडा झाडावरून पडतो," एवढंच म्हणाला. पुढची फेक फांदीला लागून टपकन सावलीत पडली. मी दोरी एकदा हिसकली. पाणी फुटलं, काठी वाकली आणि मासा मुळांकडे धावला. हातात आला तेव्हा वीतभराहून बराच मोठा होता. पाठ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी, पोट पिवळट. पाण्यात धरून ठेवला, मग तोच शेपूट मारून गेला.

काठावर बसल्यावर मला रडू आलं. कॉलिनने विचारलं, आणि मी बाबांचं सांगितलं. फोनवर पाहिलेलं, मध्येच थांबलेलं चित्र, सगळं. त्याने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली आणि सरकून माझ्याशेजारी बसला. त्यानंतर त्याने अंतर राखलं नाही. बाबांबद्दल मी अक्षरही खोटं बोललो नव्हतो, पण त्या खऱ्यानेच मी पत्त्याचं खोटं झाकलं. तो क्षण आठवला की आजही मला मान खाली घालावी लागते.

"आर्वोचा (दुपारनंतरचा) चहा घेऊनच जा," तो म्हणाला.

त्याची बायको बेव व्हरांड्यात आली नाही. ती, माश्या आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीच्या दाराआड खुर्चीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि मशीनचा सूं सूं आवाज. व्हरांड्यातल्या टेबलावर तिने आधीच भोपळ्याचे स्कोन (छोटे गोडसर पाव) आणि लोणी ठेवलं होतं.

"टॅमवर्थला कुठे राहता?" तिने आतून विचारलं.

"गावाबाहेर."

"तिकडे पाऊस बरा झाला ना यंदा?"

"बरा झाला."

मग तिने जेनीबद्दल सांगितलं. त्यांची मुलगी, सिडनीच्या लिव्हरपूल उपनगरात नर्स. जूनपासून आली नव्हती. "दोनदा निघत होती," बेव म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावं लागायचं. "मीच नको म्हटलं. बंदी सगळ्यांना आहे. आपलं माणूस म्हणून आपण वगळायचं, हे बरं दिसत नाही."

मी स्कोनला लोणी लावत राहिलो. मग तो पूर्ण खाल्ला.

एवढ्या चिखलाने माखलेल्या गाडीने त्याला पाठवू नको, असं तीच कॉलिनला म्हणाली. तो पाण्याची नळी लावून गाडी धुवायला गेला. मी जाळीपाशी उभा राहून बेवचा निरोप घेत होतो. मागे पाण्याचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर कॉलिन गाडीच्या मागे नळी हातात धरून उभा होता. सकाळी त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फोन नंबर लिहून दिला होता, पुन्हा येशील तेव्हा कळव म्हणून. आता तो फक्त म्हणाला, "नीघ. उजेड आहे तोवर घाट उतर." मी हात पुढे केला. त्याने स्वतःचा हात पँटला पुसला आणि खिशात घातला. म्हातारा दमला असेल, असं मला वाटलं.

घरी येऊन मी माशाचा फोटो भावाला आणि मित्रांना पाठवला. अंगठे आले, वाहवा आली. तिसऱ्या दिवशी मनदीपला ताप भरला आणि त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली. माझी निगेटिव्ह होती, पण एका घरात राहत असल्यामुळे मला कोंडून घ्यावं लागलं. आरोग्य खात्याचा फॉर्म आला. गेल्या काही दिवसांत कुठे कुठे गेलात, असा एक रकाना होता. तो भरण्याआधी मी पुठ्ठ्यावरचा नंबर लावला.

फोन बेवने घेतला.

"मी श्री बोलतोय. त्या दिवशी आलो होतो. मी टॅमवर्थचा नाही. सिडनीचा आहे. माझ्या घरात कोविड निघालाय."

मागे मशीनचा सूं सूं आवाज येत होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सिडनीचं माहीत आहे. तुझ्या मागच्या काचेवर मिठाईच्या दुकानाचा स्टिकर आहे. हॅरिस पार्क. चिखल गेल्यावर कॉलिनला दिसला."

मी नंबराचा पुठ्ठा हातात उलटसुलट करत राहिलो.

"त्या दिवसापासून तो शेडमध्ये राहतोय. जेवण मी पायरीवर ठेवते. मला दम लागला तर घंटा वाजवायची, असं ठरलंय."

"वाजवावी लागली?"

"एकदा. तो जाळीपर्यंत आला. आत येता येत नव्हतं. बाहेर उभा राहून माझ्याबरोबर श्वास घेत राहिला, मोठ्याने, मला लय मिळावी म्हणून." तिने दम घेतला. "जेनीलाही तो रस्ता माहीत होता, श्री. तुझ्यापेक्षा चांगला माहीत होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फॉर्ममध्ये सगळं खरं लिहिलं. त्याचे जे परिणाम व्हायचे ते झाले. माझी दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली. कॉलिनच्या दोन्ही निगेटिव्ह आल्या, हे तिथल्या दवाखान्याने त्याला कळवलं आणि त्याने मला एका शब्दाचा मेसेज करून. मित्रांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, झालं तर मग, कुणाला काही झालं नाही ना. आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती वेगळं बोलली. "बाबांना न्यायला आले ते सोसायटीतले चौघं दाराबाहेरच थांबले होते. आत कुणी आलं नाही म्हणून मी किती दिवस मनात धरलं. घरी पोरंबाळं होती रे त्यांच्या."

कुणाला काही झालं नाही ते नशिबाने. त्यात माझं काही नव्हतं. माझ्या वाट्याचं जे होतं ते मी फाटकाशी एका शब्दात करून मोकळा झालो होतो. माझं दुःख मोठं होतं हे खरं, पण त्या जाळीच्या आत आणि बाहेर बसलेल्यांचंही लहान नव्हतं, आणि ते मी समोर बसून ऐकलं होतं, लोणी लावत.

नोव्हेंबर लागला आणि बंदी उठली. सिडनीहून गाड्यांची रीघ बाहेर पडली. मी घरीच होतो. सकाळी कॉलिनचा फोन आला.

"जेनी निघालीय. आर्वोपर्यंत पोचेल," तो म्हणाला. "तुला सांगावं असं बेवचं म्हणणं."

"थँक यू, कॉलिन," मी म्हटलं.

या देशात कुणाचे आभार मानले की समोरचा न चुकता "नो वरीज" (काही हरकत नाही) म्हणतो. दुकानातली बाईही म्हणते, पोलीसही म्हणतो. मी थांबून राहिलो. कॉलिन काहीच म्हणाला नाही. थोड्या वेळाने फोन ठेवल्याचा आवाज आला.