श्रीपादरावांच्या मिठाच्या वाट्या

श्रीपादराव दामले गेली सव्वीस वर्षं डोंबिवलीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या घरी येऊन स्वतःहून चहा मागितला तो एकदाच, आणि त्या दिवशीही त्यांना चहा नकोच होता. ती हकीकत सांगायची तर आधी त्यांचं काचेचं वेड सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका वाटीसाठी एवढं काय!

कल्याणजवळ मोहने गावच्या रेयॉन कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. काचेच्या नळ्या आणि चंचुपात्रं हाताळण्यात उमेदीची वर्षं गेली. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे स्कूटरचा आरसा शोधायला गेले असताना तिथे खिळे ठेवलेला एक जाड, मळका बाऊल त्यांना दिसला. खिळे बाहेर ओतून बाऊल तेवढा घेतला, घरी आणून साबणाने धुतला आणि खिडकीत उन्हात धरला, तर भिंतभर रंग पसरले. आरसा राहिला तो राहिलाच. त्यांची बायको मंदाकिनी म्हणते, "त्या दिवसापासून माझ्या घरात सवत आली."

बाऊल होता अमेरिकेतला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे अशी काच फार बनायची. शिसं घातलेली जड काच फिरत्या चाकावर धरून कारागीर तिच्यात हाताने खोल चिरा पाडायचे, मग घासून घासून तिला चकाकी आणायचे. काही भांड्यांवर तांब्याच्या बारीक चाकाने फुलं-पानं कोरलेली असायची. जहाजावरच्या सामानातून, कुणा मिशनऱ्याच्या पेटीतून, कुणाच्या आहेरातून त्यातली थोडी भांडी इकडे आली. जुने बंगले रिकामे होतात तेव्हा ती लिलावात दिसतात, नाहीतर भंगारात. आणि जिथे ती दिसतात तिथे श्रीपादराव हजर! ठाण्यात कुणाचा बंगला पाडायचा ठरला की त्या घरच्यांच्या आधी यांना कळतं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ते नुसते हसतात. हसरा माणूस आहे, त्यामुळे भांडायलाही मजा येत नाही.

त्यांच्या घरी पाहुण्यांना पाणी मिळतं स्टीलच्या पेल्यातून, आणि कपाटात मात्र राजवाडा. फळांचे बाऊल, सरबताची सुरई, लोणच्याच्या लांबट ताटल्या. रविवारी सकाळी प्लास्टिकच्या टबात तळाशी टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात एकेक भांडं ते स्वतः धुणार. कापीव काच कशी ओळखायची हे मला त्यांनी निदान वीस वेळा सांगितलंय. हाताने कापलेली धार बोटाला बोचते, साच्यात दाबलेल्या काचेची कडा गुळगुळीत लागते. मी वीसही वेळा "हो का?" म्हटलं आणि दुधाची पिशवी घेऊन वर आले.

या राजवाड्यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं काय, तर मिठाच्या बारा वाट्या. लिंबाएवढ्या वाट्या, बारीक ताऱ्यांची कापणी. पूर्वी तिकडे जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला मिठाची वेगळी वाटी असायची म्हणे. सहा वाट्या ठाण्याच्या एका बंगल्यातून मिळाल्या, चार पुण्याच्या लिलावात, आणि शेवटच्या दोन अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याने कुरियरने पाठवल्या. त्या बदल्यात श्रीपादरावांनी स्वतःचा मोठा बाऊल त्याला देऊन टाकला. तोच, खिळ्यांचा. बारा वाट्या एका नमुन्याच्या जमायला अकरा वर्षं लागली. त्या दिवशी त्यांनी आख्ख्या विंगला पेढे वाटले होते. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा वाटल्याचं मला आठवत नाही.

तो मुलगा म्हणजे मुकुल. त्याचं लग्न मागच्या डिसेंबरात झालं. लग्नाआधी घराला रंग लावला, म्हणून सगळी काच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत गेली. खोकी मंदाकिनीचीच, कल्याणच्या भांड्यांच्या होलसेल दुकानातून आणलेली. रंग झाला, लग्न झालं, श्रीपादराव दर रविवारी एक खोकं उघडून काच कपाटात लावत होते. मिठाच्या वाट्यांची पाळी अजून यायची होती.

तेवढ्यात संक्रांत आली. सून श्रिया ठाण्याची, तिचा पहिला सण. मंदाकिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण हौस दांडगी. वाण म्हणून तिने त्याच होलसेलवाल्याकडून एक डझन काचेच्या छोट्या वाट्या मागवून घेतल्या. आता एकाच पलंगाखाली एकाच दुकानाची दोन खोकी, दोन्हींत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा बारा वाट्या. श्रियाच्या हाताला जे खोकं आधी लागलं ते तिने ओढलं, आणि एकेक वाटी शिवलेल्या बटव्यात घालून वर रिबीन बांधली. पोरीने काय हौसेने बांधली होती!

हळदीकुंकू छान झालं. काळी साडी, हलव्याचे दागिने, श्रिया गोड दिसत होती. मंदाकिनी खुर्चीत बसून कुंकू लावत होती आणि श्रिया वाण देत होती. विंगमधली आम्ही अकरा घरं, आणि बारावी शेवंती. शेवंती लोकलने दिव्याहून येते, आमच्याकडच्या सात घरी चौदा वर्षं धुणंभांडी करते. दारातूनच निघाली होती, तर श्रियाने तिला हाताला धरून आमच्यात बसवलं. बारा बायका, बारा वाट्या, सगळ्या लुटून झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादराव माझ्या दारात. "वहिनी, चहा मिळेल?"

मी चहा टाकला, तर हे माझ्या शोकेसकडे बघतायत, टीव्हीमागे बघतायत. शेवटी त्यांची नजर फोनशेजारी थांबली. कालच्या वाटीत मी रबरबँड ठेवले होते. त्यांनी वाटी उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसले.

"श्रीपादराव, बरं नाही का वाटत?"

"चहा छान झालाय," ते म्हणाले. चहा अजून गॅसवर होता.

मी काय सोडते! खोदून खोदून सगळं काढून घेतलं. सकाळी त्यांनी मिठाच्या वाट्यांचं म्हणून खोकं उघडलं, तर आत होलसेलच्या नव्या वाट्या! मी रबरबँड ओतले आणि वाटी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती परत फोनशेजारी ठेवली.

"दिलेलं वाण परत घेतात का, वहिनी? आणि तिचा पहिला सण. बारा घरी सासरा मागायला फिरला, तर ती उद्यापासून जिन्यात मान वर करेल का? तिला यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. या माणसाची मी सव्वीस वर्षं टिंगल केली, पण त्या सकाळी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग माझं डोकं चाललं. वाण परत मागता येत नाही, पण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालू असतात आणि आम्ही सगळ्याजणी ती करतो. श्रिया जिच्या घरी येईल तिने तीच वाटी तिला वाण म्हणून द्यायची. वाणाला वाण, कुणाचा कमीपणा नाही. श्रीपादरावांना हे इतकं पटलं की त्यांनी मला हात जोडले. मी दुपारभर जिने चढले-उतरले आणि दहाही जणींना गुपचूप समजावलं. शेवंतीचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठवडाभरात पाच हळदीकुंकवं झाली, पाच वाट्या घरी परतल्या. मी खूश. सहाव्या दिवशी दुपारी श्रिया माझ्याकडे आली, नाक लाल, हातात पर्स घट्ट धरलेली.

"काकू, खरं सांगा. आमचं वाण इतकं बकवास होतं का?"

"अगं, कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? पाच घरी गेलेले, पाचही घरी मला तीच वाटी! आमचीच, आम्हालाच! आलेलं वाण दुसरीकडे फिरवतात हे मला माहितीये, माझी आई पण फिरवते. पण जिने दिलं तिलाच परत? ते पण पाच जणींनी? एकीला पण माझं वाण ठेवावंसं नाही वाटलं? आणि बाबा एकेक वाटी बघून इतके खूश होतात, मला वाटतं माझ्यावर हसतायत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिला अपमान नको म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आम्ही बायकांनी मिळून तिचा असा अपमान केला की कुठल्या सासूलाही जमला नसता. माझ्या जिभेला हाड नाही हे माझे यजमान नेहमी म्हणतात. शपथ मोडून मी सगळं सांगून टाकलं. माझी वाटीही तिच्या हातात दिली.

ती रडली नाही. तडक खाली गेली, मागोमाग मी. श्रीपादराव पेपर वाचत होते.

"बाबा, किती होत्या?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. "बारा," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तुझा पहिला सण..."

"सण माझा, चूक पण माझी. मग मागायला मीच जाणार ना! त्यात लाजायचं काय?"

पलंगाखालचं ते दुसरं खोकं तिने ओढलं, पिशवीत भरलं आणि निघाली. दारोदार जाऊन सरळ सांगितलं, "काकू, माझ्याकडून चुकीची वाटी गेली, ही घ्या तुमची आणि ती द्या." ज्यांनी वाटी आधीच परत केली होती त्यांनाही नवं वाण देऊन आली. दोन तासांत काम फत्ते! कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची प्राची तर त्यात सुया-बटणं ठेवत होती. तिच्या वाटीची कड जराशी उडाली होती. श्रीपादरावांनी ती निरखली आणि म्हणाले, "शंभर वर्षं अंगावर ओरखडा नव्हता, आता आमच्या विंगची खूण लागली." श्रियाला त्यांनी शेजारी बसवलं. त्या रात्री दोघं उशिरापर्यंत कपाट लावत होती म्हणे.

राहिली शेवंतीची वाटी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेवंतीच्या वेळेला खाली गेले. म्हटलं, बारा एकत्र झालेल्या बघू तरी. श्रियाने शेवंतीला सगळं नीट सांगितलं आणि नवी वाटी पुढे केली.

शेवंतीने हातातला झाडू भिंतीला टेकवला. "नाय देणार, वहिनी."

पुढे केलेली नवी वाटी तिने हातानेच मागे सारली.

"चौदा वर्षं झाली मला इथं. सगळ्या ताया वाण देतात, नाय म्हणत मी. पण माझं येगळं असतं. ह्यांना डबे, वाट्या, आणि मला प्लास्टिकचा डबा, तो पण मागच्या दारानं, हातात. मी कदी बोलले? ह्या वर्षी पैल्यांदा कुणीतरी मला सगळ्यांच्यात बसवलं, सगळ्यांना दिलं तेच दिलं. देवाजवळ ठेवलीय मी ती वाटी. माझ्या पोरीला सांगितलं, बघ, मला पण मिळालं. आता बोलता, ते पण चुकून दिलं."

मंदाकिनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघायला लागली. माझ्या घरी फ्रिजवर शेवंतीसाठी आणलेला या वर्षीचा डबा होता. प्लास्टिकचा, झाकणावर स्टिकर तसाच. मला इतकी लाज वाटली की तिथून उठावंसं वाटलं.

श्रिया पुढे झाली. "वाटी चुकून दिली, शेवंतीमावशी. तुम्हाला चुकून नाही दिली."

श्रीपादराव उठले. मला वाटलं, आता ते त्यांच्या पद्धतीने गोड बोलून समजूत काढणार. अकरा वर्षं ज्यांनी त्या बारा वाट्यांसाठी पायपीट केली, ते एवढ्यावरून सोडतील थोडंच! ते शेवंतीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेवंतीबाई, आमचं चुकलं. वाटी तुमची आहे. फक्त तारेच्या घासणीने घासू नका."

"देवाजवळची वाटी तारेनं कोण घासतं?" शेवंती म्हणाली आणि डोळे पुसून झाडू उचलला.

गेल्या महिन्यात ठाण्याहून एक गृहस्थ काच बघायला आले होते, तेही याच वेडातले. मी तिथेच होते. त्यांनी मिठाच्या वाट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि हळहळून म्हणाले, "अकराच? अरेरे, एक फुटली वाटतं."

"छे, छे," श्रीपादराव म्हणाले. "सेट पुरा आहे. अकरा इथे असतात, एक दिव्याला असते, शेवंतीबाईंच्या घरी."