भूपालअण्णा आणि ट्यूबलाईट

भूपालअण्णांना काहीही विचारलं, अगदी किती वाजले एवढंच, तरी ते आधी चष्मा काढायचे. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायच्या, चष्मा परत चढवायचा आणि मग उत्तर द्यायचं. तोवर विचारणारा दुसऱ्या कुणाला तरी विचारून निघून गेलेला असे.

परवा घरात नवी ट्यूबलाईट बसवली. बटणासरशी लागली. सून म्हणाली, "बाबा, ही तर लगेच लागते. मग उशिरा कळणाऱ्याला ट्यूबलाईट का म्हणतात?" मी तिला जुन्या पट्टीचा स्टार्टर समजावला. बटण दाबलं की पट्टी दोनचारदा लुकलुकायची, थांबायची, मग कुठं उजेड पडायचा. अण्णांचं मात्र तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

माधवनगरच्या एका कापड कारखान्यात मी तपासणी खात्याचा प्रमुख होतो. मूळचा मलकापूरचा, जीभ जरा जास्तच चालणारी. तपासणीच्या काचेच्या टेबलाखाली चार पट्ट्या होत्या. एका सकाळी त्या लुकलुकत होत्या आणि अण्णा चष्मा पुसत होते. मी म्हणालो, "चार लागतील रं, पण आपली पाचवी ट्यूबलाईट कवा लागायची?" सगळं खातं हसलं. त्या दिवसापासून अण्णांना दुसरं नाव उरलं नाही. तेही हसले, पण आमचं हसून झाल्यावर.

काम मात्र असं की तुटका धागा त्यांच्या बोटाखालून सुटायचा नाही. घाई केली की म्हणायचे, "गड्या, कापड कुटं पळून चाललंय? बघू दे की."

मग तपासणीचं यंत्र आलं. अण्णा आणि दुसरा एक, अशा दोन तपासनीसांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं. शेठ खात्यात आले आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "कुणाला काढू?" अण्णा समोरच उभे होते. खरं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. पण चारचौघांत हशा पिकवायची खोड वाईट. म्हणालो, "शेठ, ट्यूबलाईट काढा. तेवढीच वीज वाचंल."

शेठ हसले, "बरं" म्हणाले आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, चढवला. मग रिकाम्या दाराकडं बघून म्हणाले, "माझ्या हातचा कापडाचा एकबी ताका परत आला न्हाई, शेठ."

मला शेठच्या मागं जाता आलं असतं. मी पट्ट्या बंद केल्या आणि जेवायला गेलो.

अण्णा मिरजेच्या पलीकडं, सीमेवरच्या आपल्या गावी निघून गेले. भेटायला जाईन जाईन म्हणत मी वर्षं घालवली. गेलो तो गेल्या साली, ते वारल्यावर, दिवस झाल्यावर. घरात सगळे कन्नड बोलत होते. मला एक अक्षर कळेना. त्यांची मुलगी सांगू लागली, "अप्पांना मराठी कारखान्यात आल्यावर आली. तुम्ही विचारलेलं आधी मनात कन्नडात करायचे, उत्तर कन्नडात जुळवायचे, मग मराठीत आणायचे. चुकलं तर लोक हसतील म्हणायचे."

अकरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो.

निघायला उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. अण्णांच्या पत्नी पुढं आल्या आणि म्हणाल्या, "ऊटा आतेनरी?" जेवण झालं का, असं त्या विचारत होत्या, हे मागाहून कळलं. तेव्हा मी नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मुलगी मराठीत सांगायला लागली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

त्या घरात कुणी हसलं नाही.