वजनकाट्यावरच्या रोकडे मॅडम

कारखान्यात कुणी "तीन नंबरचा कॉम्प्युटर बंद पडलाय" असा निरोप आणला, तर सुमन रोकडे जागच्या हलत नसत. "नाव सांगा. नंबर मला कळत न्हाई," म्हणत. निरोप्या परत जाई आणि नाव घेऊन येई: ट्रककाटा, गाडीकाटा, शेतकी, गोदाम. मग त्या उठत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका जिल्हा दैनिकाला श्रीरामपूरहून बातम्या पाठवत असे. तालुक्याबाहेरच्या एका साखर कारखान्याच्या बातम्याही माझ्याकडे होत्या. रोकडे मॅडम तिथल्या संगणक विभागाच्या प्रमुख. वडील रस्त्याच्या कामावर मजूर, घरात पदविका घेतलेल्या त्या पहिल्या. ऑफिसात आणि काट्यावर त्यांची बोली एकच. पाहुण्यांसमोर जरा शुद्ध बोलत जा, असं कार्यकारी संचालकांनी एकदा सुचवलं. "मशीनला चालतं, साहेब. तुमाला का खटकतं?" असं त्यांनी विचारलं. संचालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

नावांचा आग्रह लहरीपणाचा नव्हता. प्रत्येक कॉम्प्युटर सुरू झाला की मुख्य कॉम्प्युटर त्याला जाळ्यातला एक पत्ता देई. वजन कोणत्या काट्यावरून आलं, हे त्या पत्त्यावरून ठरे आणि तसं पावतीवर छापलं जाई. पुण्याच्या पुरवठादाराने हा पत्ता कॉम्प्युटरमधल्या नेटवर्क कार्डाच्या नंबराशी बांधला होता. हंगामात विजेचा दाब वरखाली होई, कार्डं जळत. नवं कार्ड म्हणजे नवा नंबर, नवा पत्ता. मुख्य कॉम्प्युटर काट्याला ओळखत नसे आणि उसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबत. मॅडमनी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये त्याचं ओळखनाव भरलं. सुरू होताना तो ते नाव सांगे आणि नावावरून ठरलेला पत्ताच त्याला मिळे. कार्ड कितीही वेळा बदला, पत्ता तोच. "माणसानं सदरा बदलला तर तुमी त्याला दुसऱ्याच्या घरी धाडता का?" असं त्या पुरवठादाराच्या इंजिनिअरला म्हणाल्या होत्या. त्याला ते आवडलं नव्हतं.

एका जानेवारीत गाडीकाट्याच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या काट्याच्या, कॉम्प्युटरची डिस्क गेली. सगळं नव्याने भरायला अर्धा दिवस लागला असता. मॅडमनी ट्रककाट्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करून ती तिथे बसवली. नकलेबरोबर ट्रककाट्याचं ओळखनावही आलं. ते बदलायचं त्या विसरल्या. आता दोन कॉम्प्युटर एकच नाव सांगत होते आणि दोघांना एकच पत्ता मिळत होता.

दुपारी एका बैलगाडीवाल्याने पावती वाचली. "माझी गाडी त्या काट्यावर चढलीच न्हाई, आन् हितं ट्रककाटा कसा?" वजन बरोबर होतं, पण ते कोण ऐकणार? काटा मारल्याची, वजनात लबाडी केल्याची, बोंब दहा मिनिटांत गाड्यांच्या अड्ड्यावर पोचली. गाड्या थांबल्या. गाडीकाट्यावरचा हंगामी कारकून शौकत शेख याला लोकांनी खोलीत कोंडलं.

मॅडम चालत आल्या. गर्दीतून वाट काढून काट्याच्या कठड्यावर उभ्या राहिल्या. "त्याला सोडा. चूक माझी हाय. मी नाव बदलायचं इसरले." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, ओळखनाव दुरुस्त केलं आणि ज्यांचा ऊस अजून उतरला नव्हता त्या अकरा गाड्या पुन्हा काट्यावर घेतल्या. वजनं तीच भरली.

"बाई, आधीच का न्हाई बघितलं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"घाई केली, आबा."

पुढचा संवाद मला संचालकांनी आणि मॅडमनी आपापल्या परीने स्वतंत्र सांगितला, दोघांचे शब्द जुळतात. शौकतने परवानगीविना कॉम्प्युटर हाताळला, असा खुलासा संचालकांनी तयार ठेवला होता. मॅडमनी सही करायला नकार दिला.

"हंगामी माणूस आहे तो. पुढच्या वर्षी दुसरीकडे लागेल. तुमचं नाव आलं तर तुम्हाला खुर्ची सोडावी लागेल."

"सोडते. खोट्यावर सही न्हाई करनार."

"मग निदान ती तुमची पद्धत काढा. पुरवठादाराची परत आणा."

"चूक माझी हुती, पद्धतीची न्हाई. ती काढायला दुसरा माणूस बघा."

दुसरा माणूस बघितला गेला. मॅडमची बदली बारदान गोदामात झाली. शौकतला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. खुलासा मात्र सहीवाचून पडून राहिला.

नव्या माणसाने पत्ते पुन्हा कार्डांशी बांधले. आठव्या दिवशी दाब वाढून दोन्ही काट्यांची कार्डं जळाली. नवी बसवली, पण मुख्य कॉम्प्युटर एकाही काट्याचं वजन घेईना. गाड्यांची रांग डांबरी रस्त्यावर गेली. संचालक स्वतः गोदामात आले. मॅडम रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे लावून घेत होत्या.

"चला मॅडम."

"शौकतभाईंचं काय?"

"त्याचं नंतर बघू."

"मग माझंबी नंतर बघा."

जीप शौकतला आणायला गेली. यायला तास लागला. तोवर त्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या. शौकतला कामावर घेतल्याचं पत्र आणि पावत्यांच्या चुकीला त्या स्वतः जबाबदार असल्याची, त्यांनीच मागितलेली नोंद, दोन्हींवर संचालकांच्या सह्या झाल्यावर त्या काट्यावर गेल्या आणि पत्ते पुन्हा नावांशी बांधले. संध्याकाळच्या आत रांग हलली.

ती नोंद त्यांच्या सेवापुस्तकात राहिली. बढतीच्या वेळी ती दोनदा आडवी आली. दुसऱ्यांदा मी म्हणालो, नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करा, आता कुणी हरकत घेणार नाही.

"खरं हाय ते," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."