पावलं ऐकणारे पास्कूकाका

त्या रविवारी माझ्या व्हॅनचा हॉर्न वाजला नाही. एरवी मी चहा पीत असलो तरी पास्कूकाका आधीच गाडीत जाऊन बसत आणि हॉर्नवर हात ठेवून अख्खी आळी उठवत. मी बाहेर आलो तर मारीकाकी कुंपणापाशी उभी. "उठत नाहीत रे ते," एवढंच म्हणाली... त्याला आता दीड महिना होईल. रडून झालं आहे. काका आठवले की आता बहुतेक हसूच येतं, म्हणून लिहायला बसलो.

काका लष्करात होते, पण बँडमध्ये. कॉर्नेट नावाचं पितळी वाद्य वाजवायचे. आमच्या वसईत लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे पुष्कळ, त्यामुळे गावाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांना आणि दोन जुन्या फौजींना मुंबईच्या लष्करी रुग्णालयात न्यायचो, जखमी जवानांना भेटायला. आचोळ्याला सुभेदार शिंदे चढायचे, नायगावला हवालदार म्हात्रे. बूड टेकायच्या आत सुभेदार सुरू व्हायचे, "आम्ही गोळ्या झेलत होतो तेव्हा हा पिपाणी फुंकत होता." काका जवानांसाठी घेतलेली सुकेळ्यांची पिशवी मांडीवर धरून खुदुखुदु हसत. खरं तर लढाई लागली की बँडवाल्यांची वाद्यं पेटीत जातात आणि हातात स्ट्रेचर येतं, हे सुभेदारांना पक्कं ठाऊक होतं. एकाहत्तरला काकांनी कितीतरी माणसं उचलून आणली होती. एकदा घोडबंदरच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या असताना ते आपणहून म्हणाले, "डॉक्टरच्या तंबूत स्ट्रेचर ठेवला का आपलं काम संपलं. फुडं तो मानूस जगला का, चालला का, कोन सांगनार? इतकी वर्सं झाली, एकाचाबी पत्ता नाय." काका जवानांना धीर द्यायला जातात असं गावात सगळे म्हणत. त्या दिवसापासून मला मात्र वाटू लागलं की ते स्वतःसाठीच जातात.

तिथे सागर नावाचा साताऱ्याकडचा जवान होता. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. नवा पाय तयार होऊन आला होता, पण हा उभाच राहीना. सिस्टर म्हणाल्या, बायको नुकतीच बाळंत झालीय, तर बाळाला घेऊन येऊ नको म्हणून निरोप धाडलाय. सुभेदारांनी शौर्यावर भाषण सुरू केलं, तसं त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. काकांनी स्टूल ओढलं आणि पलंगाच्या दांडीवर दोन बोटांनी संचलनाचा ठेका धरला. चुकीचा. मधूनच एक थाप घसरायची. माझा आणि तालाचा जन्मात संबंध नाही, तरी मलाही ते टोचू लागलं. "म्हातारा कामातून गेला," म्हात्रे माझ्या कानात पुटपुटले. काका आपले वाजवतायत, वाजवतायत... शेवटी भिंतीकडूनच आवाज आला.

"काका, चुकतंय तुमचं."

"बँडात होतो मी. मला शिकवतो?"

सागर तणतणत वळला आणि चादरीखालच्या पायाने त्याने बरोबर ठेका धरून दाखवला. काका लक्ष देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा झाला उजवा. आता डाव्याचा ऐकव."

सागरने एक ठसठशीत सातारी शिवी हासडली आणि खो-खो हसत सुटला. सुभेदारही हसले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो कठडा धरून उभा होता.

सागर घरी जायला निघाला तेव्हा काकांनी त्याला नंबर दिला आणि बजावलं, "चालतो म्हनून सांगू नको. फोन खाली ठेव आन् चाल." मग हे इतरांच्याही बाबतीत सुरू झालं. संध्याकाळी काका ओट्यावर मोबाईल कानाला लावून डोळे मिटून बसलेले असत. "अजून भीत भीत टाकतोय रे डावा," असं मला सांगत. "मी हाक मारलेली ऐकू येत नाही, साताऱ्याची पावलं बरी ऐकू येतात," म्हणून काकी करवादायची. ज्या दिवशी असा फोन येई त्या दिवशी काका इतके खुशीत असत की जेवताना तिच्या पातळ आमटीचीही तारीफ करत.

आता तो मोबाईल माझ्याकडे असतो. "तूच बोल बाबा, माझ्याच्यानं नाय होनार," म्हणत काकीने तो माझ्या हातात ठेवला. गेल्या आठवड्यात सागरचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काका, पोरगी चालाय लागली बघा." मग मला सांगावंच लागलं. पलीकडे त्याने पोरीला जवळ बोलावलेलं ऐकू आलं.

"मग तुम्ही ऐका," तो म्हणाला.

"अरे, मला त्यातलं काही कळत नाही."

"ऐका तर."

फरशीवर फोन ठेवल्याचा आवाज आला. मग पैंजणांची अडखळती छुमछुम, आणि तिच्यामागे त्याची पावलं, भराभर. मी डोळे मिटून, जिवाचा कान करून ऐकत होतो. डावा कुठला आणि उजवा कुठला, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.