सुगंधी मेणबत्त्यांचे सहा शनिवार

माझी नोकरी गेली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त उत्साह नवऱ्याला आला. अकरा वर्षं मी एका बांधकाम कंपनीत परचेस बघत होते. कंपनीने निम्मा विभाग बंद केला आणि मी इथे आखातात, आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये येऊन बसले. तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, "अगं, लेडीजसाठी उद्योजकतेचा कोर्स आहे. सहा शनिवार, सहाशे दिरहम. म्हणजे चौदा हजार रुपये. काही जास्त नाहीत." मी घरात बसलेली त्याला बघवत नव्हती, आणि मलाही. गेले.

कोर्स जवळच्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता, एका महिला मंडळाने ठेवलेला. मंडळाच्या अध्यक्षबाई तासाभराच्या अंतरावरच्या खलिफा सिटीतल्या व्हिलातून यायच्या. ड्रायव्हर खाली थांबायचा. त्यांनी जन्मात काही विकलं नव्हतं, पण 'सक्षमीकरण' हा शब्द त्या अशा थाटात उच्चारायच्या की जणू तो त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज ताजा होतो. शिकवायला एक कोच होता. वर ब्लेझर, खाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज. मी परचेसची बाई. समोरच्याने आजवर कोणता माल पुरवलाय हे विचारायची मला खोड. चहाच्या वेळी विचारलं, "सर, आधी तुमचा बिझनेस कसला होता?"

"मॅडम, आय बिल्ड पीपल," तो म्हणाला.

म्हणजे कोर्स विकायचा. दुसरं काही नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही वीस-बावीस जणींनी मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. हे म्हणे आमच्या स्वप्नांचे बोर्ड. मी पुण्यातला एक बंगला चिकटवला, जो मला नकोही होता. शेजारी शारजातल्या रोल्लाहून आलेली बावीस वर्षांची मुलगी बसली होती. जन्म, शाळा सगळं तिथेच. तिने काहीच चिकटवलं नव्हतं. पुठ्ठ्यावर पेनाने फक्त 'एसी' लिहिलं होतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आंटी, आय वॉन्ट टू डू एसी सर्व्हिस."

तिचे बाबा वीस वर्षं एसी दुरुस्त करत होते. आता गुडघे गेले, शिडी चढवत नव्हती. लहानपणापासून त्यांचं बघून तिला बरंच येत होतं. "समरमध्ये एसी बंद पडतो ना, तेव्हा किती लेडीज घरी अलोन असतात. टेक्निशियन आला तरी दार उघडत नाहीत, हजबंडची वाट बघत उकाड्यात बसतात. त्यापेक्षा लेडीच आली तर?"

अशी उकाड्यात मी स्वतः बसले होते, तान्ह्या मुलीला ओल्या पंच्याने पुसत. त्या हॉलमध्ये धंद्याची म्हणावी अशी गोष्ट मी हीच एक ऐकली. आणि मी काय म्हणाले? "अगं, पण शिडीवर कोण चढणार?"

"मी. हू एल्स?"

दुसऱ्या शनिवारी तिने हेच सगळ्यांसमोर मांडलं. कोच टाळ्या वाजवत हसला. "ब्यूटिफुल पॅशन! पण तुझा ब्रँड थोडा फेमिनिन हवा." अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या, "बाळा, चांगल्या घरची मुलगी तू. काळे हात घेऊन लोकांच्या घरी जाणार?" हॉल हसला. मीही हसले. मग प्रत्येकीपुढे मेणाची पिशवी आणि अत्तराची बाटली आली. आम्ही बावीसच्या बावीस जणी सुगंधी मेणबत्त्यांच्या उद्योजिका होणार होतो.

तिने पिशवीला हात लावला नाही. "सर, ट्रेड लायसन्स कसं काढायचं? एसीचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?"

"लायसन्स इज अ डिटेल. आधी माइंडसेट बदल."

"डिटेल माहीत नसेल तर तुम्ही शिकवता काय?" असं शुद्ध मराठीत विचारून तिने बॅग उचलली आणि ती निघून गेली. कोचने आम्हाला तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावला, हॉलमधली नकारात्मकता बाहेर जावी म्हणून. मला वाटलं, जी बाहेर गेली ती एकटीच कामाची होती.

तरीही मी उरलेले चार शनिवार गेले. पैसे भरले होते, सँडविच बरं असायचं, आणि घरी जाऊन करायचं काय? शेवटच्या दिवशी आम्ही स्टॉल मांडले आणि एकमेकींच्या मेणबत्त्या एकमेकींनीच घेतल्या. "आज बावीस उद्योजिका जन्मल्या!" कोच ओरडला. एकवीसच होतो, पण मोजणं बहुधा डिटेलमध्ये येत असावं. महिना जूनचा. माझ्या मेणबत्त्या पार्किंगमध्येच, गाडीच्या मागच्या सीटवर वितळल्या. तो वास पुढे कित्येक आठवडे गाडीतून गेला नाही.

वर्षभराने आमच्या बेडरूमच्या छतातल्या एसीतून पाणी टपकायला लागलं. कोर्सच्या ग्रुपवरून मी त्या मुलीचा नंबर काढला. ती एका मेंटेनन्स कंपनीची व्हॅन घेऊन आली, स्वतःची शिडी खांद्यावर. मधल्या काळात तिने एका टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये एसीचा कोर्स पूर्ण केला होता. वर्गात मुलगी एकटीच. पण तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी हातात पाना दिला. कंपनीने आधी तिला फोन घ्यायला बसवलं. मग एका अरब बाईंनी हट्टच धरला की माझ्याकडे बाईच पाठवा, तेव्हा साहेबांना तिचं सर्टिफिकेट आठवलं.

मी शिडी धरली. तिने वरचं झाकण काढून तुंबलेला पाइप मोकळा केला आणि बादलीभर काळा चिखल खाली दिला.

"त्या दिवशी मी हसले होते गं," मी म्हणाले. "चुकलंच माझं."

"एव्हरीवन लाफ्ड, आंटी." ती स्क्रू आवळत राहिली. "तुम्ही जरा हळू हसलात."

चहा पिताना तिने कंपनीतली रड सांगितली: सुटे भाग कधी वेळेवर येत नाहीत, आले तर भलत्याच मापाचे. कोण कोणाकडून काय मागवतंय याचा पत्ता नाही. मी चार प्रश्न विचारले. तिने ते साहेबांच्या कानावर घातले. पुढच्या महिन्यापासून मी तिथे परचेस बघायला लागले. या वयात पुन्हा नोकरी मिळाली ती अशी, आणि मुलाखतीत माइंडसेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

गेल्या महिन्यात अध्यक्षबाईंचा फोन आला. नवी बॅच सुरू होतेय, आमच्या दोघींचे फोटो माहितीपत्रकात हवेत, 'यशोगाथा' म्हणून.

"अहो मॅडम, ती दुसऱ्याच शनिवारी निघून गेली होती," मी म्हणाले. "आणि मला नोकरी लागली ती तिच्यामुळे."

"तेच तर! दोघी आमच्याच!"

"आमचे फोटो छापायचे नाहीत. तिचाही नाही, माझाही नाही."

"अगं, इतरांना प्रेरणा मिळते. यंदा आपण साबण शिकवणार आहोत."

दुसऱ्या फोनवर अजमानचा कॉम्प्रेसरवाला ताटकळत होता. लबाड माणूस, पण निदान माल तरी आणून देतो. बाई बोलत असतानाच मी त्यांचा फोन ठेवला आणि त्याचा घेतला.